प्रोबेशन, थकलेली भरपाई आणि मुदतवाढ : कोर्टाच्या एका सेवेचं परीक्षण, मराठवाड्यापुरतं

आधी मत सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला शेवटापर्यंत यावं लागणार नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली मिळणारी प्रोबेशनची सेवा, म्हणजे दोषी माणसाला लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या लेखी हमीवर (बाँडवर) सोडणं, फुकट आहे, कायद्यात नीट बांधलेली आहे आणि पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला तुरुंगाबाहेर ठेवण्याचं काम ती करते. पैसे वसूल करण्याचं काम ती करत नाही, आणि ते तिच्याकडून करून घ्यायला गेलं की सगळेच फसतात. भरपाई थकली की 'साहेब, बाँडची मुदत वाढवून द्या' असा धोशा आरोपी लावतो आणि फिर्यादीही लावतो. बहुतेक वेळा हा प्रकार आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा असतो. खरी अडचण असते पैसे भरण्याच्या तारखेची, आणि वाढवली जाते ती देखरेखीची मुदत.

हे परीक्षण तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे : बाँडवर सुटलेला माणूस, त्याचा जामीनदार, आणि ज्याला भरपाई मिळायची आहे तो फिर्यादी. बांधावरच्या भांडणात डोकं फुटलं, किरकोळ चोरी झाली, दुचाकीने कुणाला उडवलं, अशी प्रकरणं तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर रोज चालतात. प्रोबेशनचा विषय तिथूनच निघतो.

सगळ्यात मोठा घोटाळा दंड आणि भरपाई यांत होतो, म्हणून तो आधी सोडवू. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे कोर्ट आरोपीला 'तूर्त शिक्षा न देता' चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतं. दंड ही शिक्षाच आहे. त्यामुळे त्याच गुन्ह्यासाठी कलम ४ चा बाँड आणि वर दंड, असं जोडपं कायद्याच्या रचनेत बसत नाही. बसतं ते कलम ५ : नुकसान किंवा इजा झालेल्याला वाजवी भरपाई आणि खटल्याचा वाजवी खर्च. दंड सरकारजमा होतो, कलम ५ ची भरपाई पीडिताची असते. निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात नेमका कोणता शब्द आहे आणि कोणतं कलम लिहिलं आहे, हे नक्कल हातात येताच पाहायचं. दोन्ही एकत्र लिहिलेलं दिसलं तर वकिलाला त्याच आठवड्यात विचारायचं, कारण अपिलाची मुदत लगेच चालू होते. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सत्र न्यायालयात जायला ३० दिवस असतात.

दुसरी तपासणी पात्रतेची. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला कलम ४ लागत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरील माणसाला त्या कायद्याच्या कलम १९ मुळे प्रोबेशन मिळत नाही. आरोपीचं किंवा जामीनदाराचं, दोघांपैकी एकाचं तरी, कोर्टाच्या हद्दीत कायमचं राहणं किंवा नियमित काम असावं लागतं. हे 'किंवा' मराठवाड्यात फार कामाचं आहे. माणूस सहा महिने ऊसतोडीला बाहेर असतो, पण चुलता गावात सात-बारा घेऊन बसलेला असतो. तो जामीनदार झाला की ही अट भागते. जामीनदाराच्या कागदांत आधार, सात-बारा आणि आठ-अ यांचे ताजे उतारे सोबत ठेवावेत. काही कोर्टं तहसीलचा ऐपतदारीचा दाखलाही मागतात, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून तो निकालाच्या तारखेआधीच काढून ठेवलेला बरा.

आता सेवेचा गाभा, म्हणजे बाँडवरच्या माणसावर देखरेख ठेवणारा परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर). महाराष्ट्रात हे पद महिला व बाल विकास विभागाकडे आहे, पोलिसांकडे नाही. ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू. घरी येणारा माणूस खाकीत नसतो, त्याच्यापुढे शेजारी मोकळं बोलतात. कोर्टाने मागितला तर तो अहवाल देतो : घरात कोण कोण, जमीन किती, कर्ज किती, व्यसन आहे का, गावात वागणूक कशी. कलम ७ प्रमाणे हा अहवाल गोपनीय असतो, मात्र कोर्ट त्यातला सारांश आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकतं. ती संधी मागितल्याशिवाय सहसा पुढे येत नाही, म्हणून मागावी.

इथे एक गोष्ट लोक हमखास लपवतात : उत्पन्न. अधिकारी घरी आला की ट्रॅक्टर भावाचा, म्हैस सासऱ्याची, दुकान मित्राचं. कोर्ट भरपाई ठरवताना माणसाची ऐपतही पाहतं, त्यामुळे असं सांगण्याचा मोह समजतो. पण पुढे हप्ता थकला आणि 'खरंच ऐपत नव्हती' हे पटवायची वेळ आली की हाच अहवाल फाईलमधून निघतो. तेव्हा आकडे जुळले नाहीत तर अर्जावर कुणी विश्वास ठेवत नाही. सोसायटीचं कर्ज, बचत गटाचा हप्ता, ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल, दवाखान्याची बिलं, हे सगळं पहिल्याच भेटीत कागदासकट दाखवावं.

अधिकाऱ्याची कामं कलम १४ मध्ये आहेत, आणि त्यांत एक काम भरपाई व खर्च भरण्याबाबत सल्ला देण्याचं आहे. गरज पडली तर काम मिळवून द्यायला मदत करणं हेही त्याच कलमात आहे. ही सेवा कागदावर उत्तम आहे, प्रत्यक्षात कमी वापरली जाते. याचं एक कारण अंतर आहे. कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. किनवट किंवा माहूरच्या माणसाला नांदेडला, आष्टीच्या माणसाला बीडला हजेरीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि वर एसटीचं तिकीट. दुसरं कारण म्हणजे हेच अधिकारी बालकांच्या प्रकरणांचंही काम पाहतात, त्यामुळे वेळेची ओढाताण असते. म्हणून पहिल्याच भेटीत अधिकाऱ्याचा कार्यालयीन फोन, भेटीचा वार आणि हजेरी फोनवर चालेल का, हे विचारून घ्यावं. आदेशात प्रत्यक्ष हजेरी लिहिली असेल तर फोनवरचं 'चालेल' उपयोगाचं नाही. अट आदेशातच बदलून घ्यावी लागते.

तो बदल ज्या कलमाने होतो, त्याच कलमाने मुदतवाढही होते : कलम ८. ते नीट वाचलं तर या सेवेबद्दलच्या निम्म्या चुकीच्या अपेक्षा गळून पडतात.

कलम ८ खालचा अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याचा असतो. आरोपीने स्वतः 'मुदत वाढवा' म्हणून टाकलेला अर्ज, किंवा फिर्यादीने टाकलेला, या कलमात थेट बसत नाही. त्यांनी अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करायची आणि अधिकाऱ्याने कोर्टात जायचं. बदल आरोपीच्या आणि जनतेच्या, दोघांच्या हिताचा आहे असं कोर्टाला वाटलं पाहिजे. बाँड चालू असतानाच हे करता येतं, संपल्यावर नाही. आणि मूळ आदेशाच्या तारखेपासून एकूण मुदत ३ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. आरोपीला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय बदल करता येत नाही.

उदाहरण घेऊ. आदेश १० जून २०२४ चा, बाँड २ वर्षांचा. तो ९ जून २०२६ ला संपतो. मुदतवाढीचा आदेश त्याआधी व्हायला हवा, नुसता अर्ज टाकून भागत नाही. नोटीस बजावणी, जामीनदाराची हजेरी, मे महिन्याची सुट्टी, हे धरलं तर अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये कोर्टात असावा. जास्तीत जास्त वाढ मिळाली तरी ती ९ जून २०२७ ला थांबते. बाँड मुळातच ३ वर्षांचा असेल तर वाढवायला एक दिवससुद्धा शिल्लक नसतो. यासाठीच, सुरुवातीला ३ वर्षांच्या बाँडची मागणी करणारे फिर्यादी आपल्याच हाताने पुढचा रस्ता बंद करतात. दीड-दोन वर्षांचा बाँड आणि भरपाईच्या स्पष्ट तारखा, ही मांडणी दोन्ही बाजूंना जास्त उपयोगी पडते.

मुदतवाढीत सगळ्यात दुर्लक्षित माणूस म्हणजे जामीनदार. त्याने दोन वर्षांसाठी सही केलेली असते. वाढीला त्याने नकार दिला तर कोर्ट आरोपीकडून नवा बाँड मागू शकतं. नवा बाँड आरोपीने दिला नाही किंवा देता आला नाही, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते. म्हणजे केवळ थोडे पैसे थकले म्हणून मुदतवाढ मागायला जावं आणि जामीनदार फिरल्यामुळे तुरुंगाची वेळ यावी, हे कागदावर शक्य आहे. अर्जाआधी जामीनदाराशी बोलून, संमतीची पुर्सिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) तयार ठेवूनच पुढे जावं.

मग मुदतवाढ कधी खरंच उपयोगी? एका परिस्थितीत ती चांगली चालते : माणूस काही हप्ते भरून आहे, उरलेली रक्कम भरण्याची सोय दिसते आहे, आणि बाँड संपायच्या आत ती पूर्ण होणार नाही. समजा ३६,००० रुपये भरपाईपैकी २४,००० भरले, बाकी १२,००० तुरीच्या पैशावर आहेत, पण बाँड डिसेंबरात संपतो. तेव्हा चार-पाच महिन्यांची वाढ आणि सोबत हप्त्यांच्या तारखा अशी एकत्र मागणी कोर्टाला पटते. एक रुपयाही न भरता एक वर्षाची वाढ मागणाऱ्या अर्जात पटण्यासारखं काहीच नसतं.

उलट बाजूने, भरपाई थकली म्हणजे बाँड मोडला असं आपोआप होत नाही. भरपाई भरणं ही अट बाँडमध्ये किंवा देखरेखीच्या आदेशात लिहिली आहे का, ते पाहावं लागतं. नसेल तर फिर्यादीचा रस्ता कलम ५ च्या पोटकलम २ चा : रक्कम दंडासारखी वसूल करणं. अट असेल आणि मोडली असेल तर कलम ९ खाली समन्स किंवा वॉरंट निघतं. म्हणणं ऐकून झाल्यावर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, किंवा पहिलीच चूक असेल तर बाँड तसाच चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावर भागवू शकतं. होय, पन्नासच. १९५८ चा आकडा तसाच राहिला आहे. ते ५० रुपये दिलेल्या मुदतीत भरले नाहीत तर पुन्हा मूळ शिक्षेचा विषय निघतो, म्हणून रक्कम पाहून हसायचं नाही, त्याच दिवशी भरायची.

मराठवाड्यात ही सेवा कुठे अडते, तर दिनदर्शिकेवर. वडवणी, केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली ऊसतोड टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते ती मार्च-एप्रिलला परतते. त्या काळातली हजेरी बुडणार हे आदेशाच्या दिवशीच माहीत असतं, तरी कुणी बोलत नाही. मग जानेवारीत समन्स घरी येतं, घरात म्हातारी असते, आणि फेब्रुवारीत वॉरंट. हे टाळायचं काम कलम ८ चंच आहे, कारण त्यात मुदतीबरोबर अटीही बदलता येतात. ऑगस्टमध्ये अधिकाऱ्याला लेखी द्यायचं : मुकादमाचं नाव, कारखाना, तालुका, जाण्या-येण्याचा अंदाज, सोबतच्या दोघांचे फोन, आणि त्या काळापुरती हजेरी फोनवर किंवा परतल्यावर घ्यावी ही विनंती. नेहमीच्या मुदतवाढीपेक्षा कलम ८ चा हा वापर मला जास्त मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वांत कमी होतो.

पैशाचंही तेच. सोयाबीनचा पैसा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येतो, कापसाचा दिवाळीनंतर, तुरीचा जानेवारीपासून. ऊसतोड कामगाराच्या हातात एकरकमी पैसा येतो तो निघण्याआधीच्या उचलीचा. ती कमाई नसून कर्ज आहे, तिच्यावर भरपाईचा हप्ता लावणं म्हणजे एका देण्यातून दुसऱ्या देण्यात जाणं. कलम ५ च्या भरपाईसाठी किती हप्ते, किती अंतराने, असं काही कायद्यात ठरलेलं नाही, ते कोर्टाच्या हातात आहे. म्हणून सुनावणीच्या दिवशीच, पिकाला धरून तारखा सुचवाव्यात. जून-जुलैतली तारीख घेऊ नये. बी-बियाणं आणि खताच्या दिवसांत कुणाच्याच घरी रोकड नसते.

प्रोबेशन न मिळता दंड झाला, तर त्याचं गणित मात्र कडक आहे. फक्त दंड आणि तो न भरल्यास कैद अशी शिक्षा असेल, आणि दंड लगेच भरता येत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ खाली कोर्ट मुदत देऊ शकतं : एकरकमी ३० दिवसांत, किंवा दोन-तीन हप्त्यांत, पहिला ३० दिवसांच्या आत आणि पुढचे प्रत्येकी ३० दिवसांपेक्षा जास्त अंतराने नाहीत. जुन्या प्रकरणात हेच कलम फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२४ म्हणून दिसेल. तीन हप्ते धरले तर जास्तीत जास्त ९० दिवस. आदेश ५ ऑगस्टचा असेल तर शेवटच्या तारखा ४ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबर. सोयाबीनवाल्याला पहिली तारीख जड, तिसरी हलकी. इथे एक बारकावा कामाला येतो : हप्ते सारखेच असले पाहिजेत असं कलमात कुठेच नाही. ९,००० रुपये दंडासाठी १,०००, ३,००० आणि ५,००० असे हप्ते मागता येतात. अर्जात कारण लिहायचं आणि सोबत पीकपेऱ्याची नोंद असलेला सात-बारा लावायचा. तीन-तीन हजारांचे सरधोपट हप्ते घेऊन पहिल्याच तारखेला चुकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दंड अर्धवट भरला तरी वाया जात नाही. न भरल्याबद्दलची कैद भरलेल्या रकमेच्या प्रमाणात कमी होते. दंड ४,००० आणि न भरल्यास ४ महिने अशी शिक्षा असेल आणि ३,००० भरले, तर १ महिना उरतो. पण कैद भोगली म्हणजे सगळं फिटलं, हा समज दंडापुरता बराचसा खरा आणि भरपाईपुरता खोटा. कैद पूर्ण भोगल्यावर दंडवसुलीचं वॉरंट काढायला कोर्टाला खास कारणं नोंदवावी लागतात, दंडातून भरपाई द्यायचा आदेश असेल तर ती अडचण नसते. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे न भरलेला दंड शिक्षेपासून ६ वर्षांपर्यंत वसूल होऊ शकतो. माणूस वारला तरी त्याच्या मालमत्तेवरचं ते देणं सुटत नाही.

आता प्रत्यक्ष पैसे भरण्याच्या खिडक्या. दोन आहेत : कोर्टात पैसे जमा करून घेणारा नाझर आणि ऑनलाइन ई-पे पोर्टल.

नाझरकडे रोख भरायचे तर आधी बेंच क्लार्ककडून (न्यायाधीशासमोरच्या फाईली सांभाळणाऱ्या कारकुनाकडून) प्रकरण क्रमांक, आरोपीचं नाव आणि रकमेचं शीर्ष, म्हणजे ती कोणत्या सदराखाली जमा करायची, हे लिहून घ्यावं. पावतीवर हे तिन्ही बरोबर आहेत का, खिडकीसमोरून हलण्याआधी वाचावं. पावतीची झेरॉक्स पुर्सिससोबत प्रकरणात दाखल करावी आणि रोजनाम्यात (प्रकरणात तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत) नोंद झाली का, ते पुढच्या तारखेला पाहावं. एवढं केलं नाही तर पैसे भरलेले असतात आणि वॉरंटही निघालेलं असतं, कारण नाझरचं रजिस्टर आणि न्यायाधीशासमोरची फाईल ही दोन वेगळी दप्तरं आहेत. पोलीस दारात आल्यावर मूळ पावती दाखवता यावी म्हणून ती घरात ठेवावी आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये. थर्मल कागदाची पावती वर्षभरात पांढरी पडते, तिची झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

ई-पे बाहेरगावी असलेल्या माणसासाठी मोठी सोय आहे. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडायचं, सीएनआर (ई-कोर्ट्समधला प्रकरणाचा ओळख क्रमांक) किंवा प्रकरण क्रमांक टाकायचा, पैसे भरणाऱ्याचं नाव, रक्कम, मोबाईलवर आलेला ओटीपी, आणि भरणा. सीएनआर हा १६ अक्षर-अंकांचा असतो, आपल्याकडे एमएच ने सुरू होतो आणि ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर त्यावरून पुढची तारीख आणि आदेश पाहता येतात. चूक होते ती शीर्ष निवडताना. कोर्ट फी, न्यायिक ठेव, दंड अशी शीर्षं वेगवेगळी असतात. भरपाई 'दंड' खाली भरली की ती सरकारी खात्यात जाते, पीडिताला द्यायला कोर्टाकडे ठेव म्हणून काही दिसत नाही, आणि परत मिळवायला स्वतंत्र अर्ज आणि आदेश लागतो. भरपाई ठेवीच्या शीर्षाखाली जाते. शंका असेल तर आधी बेंच क्लार्कला विचारा, नंतर बटण दाबा. खात्यातून रक्कम वजा झाली पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी त्याच व्यवहाराची स्थिती पोर्टलवर तपासा, बँकेचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. या सोयीला गुण पूर्ण, पण तालुक्याच्या सेतू केंद्रावर बसून घाईत भरणाऱ्यासाठी शीर्षाचा हा सापळा खरा आहे.

फिर्यादीच्या बाजूने ही सेवा संथ आहे. कोर्टात जमा झालेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. रक्कम मिळावी म्हणून अर्ज, ओळखपत्र, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, निकालाची नक्कल, आणि आरोपीने अपील केलं नाही किंवा अपिलात स्थगिती नाही याची माहिती, एवढं लागतं. दंडातून द्यायची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत देता येत नाही. दिवाणी दाव्यातही नुकसानभरपाई मागितली असेल, तर इथे मिळालेली रक्कम तिथे हिशेबात धरली जाते, ती लपवू नये.

रक्कम जमाच झाली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ खाली वसुली वॉरंट. एक प्रकार जंगम मालमत्तेच्या जप्ती-विक्रीचा, दुसरा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा. दुसऱ्यात आरोपीला अटक करता येत नाही. वॉरंट जिल्ह्याला जातं, तिथून तहसील, मंडळ अधिकारी, तलाठी असं खाली सरकतं, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबतं. अर्जासोबत आरोपीच्या नावावरचा गट क्रमांक, सात-बारा, वाहनाचा क्रमांक दिला तर ते लवकर सरकतं, नुसत्या नावावर ते तलाठ्याच्या टेबलावर पडून राहतं. सामायिक सात-बारा असेल तर आरोपीचा हिस्सा किती, हेही लिहावं, कारण त्यावरूनच भाऊबंद हरकत घेतात.

अमेरिकेत हाच प्रश्न मोठा आहे. तिथे अनेक राज्यांत न भरलेल्या दंड-भरपाईसाठी प्रोबेशन वाढवलं जातं, पुष्कळ ठिकाणी देखरेखीची फीही आरोपीकडूनच घेतात, म्हणजे मुदत वाढली की देणंही वाढतं. १९८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया प्रकरणात सांगितलं की पैसे का भरले नाहीत याची चौकशी केल्याशिवाय प्रोबेशन रद्द करून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून टाळलं की ऐपतच नव्हती, हे आधी ठरवायचं. आपल्याकडे देखरेखीची फी नाही आणि ३ वर्षांची कमाल मर्यादा पक्की आहे, या दोन बाबतींत १९५८ चा आपला कायदा सरस वाटतो. ऐपतीच्या चौकशीचं काम मात्र आपल्याकडे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावर आणि आरोपीच्या वकिलाने लावलेल्या कागदांवर उभं आहे, म्हणून ते कागद लावलेच पाहिजेत.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, फोन १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. त्याच कलमात पूर, दुष्काळ आणि भूकंपाने ग्रासलेल्यांचाही उल्लेख आहे, जो आपल्या भागात अर्जात लिहायचं लोक विसरतात. दंड न भरल्यामुळे आधीच तुरुंगात असलेल्या गरीब कैद्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची २०२३ ची मदत योजना आहे, तिच्यात जिल्हा समिती २५,००० रुपयांपर्यंतचा दंड मंजूर करू शकते. बाहेर बाँडवर असलेल्याला ती लागू नाही.

आणि भरपाई पूर्ण फिटली असेल, हजेरी चोख असेल, तर मुदत संपायची वाट पाहत बसू नये. कलम ८ च्या पोटकलम ३ मध्ये, यापुढे देखरेखीची गरज नाही असं कोर्टाला पटलं तर बाँड आधीच रद्द करता येतो. अर्ज इथेही परिवीक्षा अधिकाऱ्याचाच लागतो. त्याला सगळ्या पावत्यांच्या प्रती, हजेरीच्या तारखा आणि पोलीस पाटलाचं वर्तणुकीचं पत्र अशी फाईल लावून द्यावी, आणि आदेश झाल्यावर जामीनदाराने दिलेले मूळ कागद परत घ्यायला त्यालाच सोबत न्यावं.